आठ सामन्यांचे मैदान

लग्न एका दिवसाचे आणि संसार जन्माचा, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे सांगत असतात. मांडव कितीही थाटाचा घातला तरी दुसऱ्या दिवशी तो उतरवावाच लागतो. राहायचे असते ते घरात. ही साधी गोष्ट घरातल्या आजीला कळते, परंतु राष्ट्रांच्या कारभाऱ्यांना कळत नाही, असे आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांचा इतिहास चाळला की वाटू लागते. चार आठवड्यांच्या स्पर्धेसाठी चाळीस-पन्नास वर्षे उभी राहणारी बांधकामे होतात. पाहुणे येतात, जेवतात, कौतुक करतात आणि निघून जातात. मागे उरतो तो खर्चाचा हिशेब आणि रिकाम्या खुर्च्या!

फुटबॉलच्या विश्वचषकाविषयी आपण हिरिरीने बोलतो. कोणी गोल केला, कोणाचा हुकला, पंच कोठे चुकले, यावर कट्ट्यावर तासन्‌तास वाद घालतो. परंतु सामने कोणत्या शहरात आणि कोणत्या मैदानावर व्हावेत हे कोण ठरवतो, कशाच्या आधारे ठरवतो, याची चर्चा आपल्यात सहसा होत नाही. वस्तुतः स्पर्धेतला सर्वांत दूरगामी निर्णय चेंडूला पहिली लाथ बसण्यापूर्वी कित्येक वर्षे होऊन गेलेला असतो. त्या निर्णयाची बरीवाईट फळे खेळाडू भोगत नाही. ती भोगतो त्या शहराचा सामान्य नागरिक. म्हणूनच या प्रश्नाचा विचार केवळ क्रीडारसिकांनी नव्हे, तर समाजशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही करावा असे मला वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे : मैदान पाहुण्याच्या नजरेने निवडू नये. स्पर्धा संपल्यावर तेथे जो खेळणार आहे आणि जो बसणार आहे, त्याच्या नजरेने निवडावे.

हे स्पष्ट करण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन या शहराचे उदाहरण घेऊ. १५ मे २००४ रोजी झुरिच येथे झालेल्या मतदानात दक्षिण आफ्रिकेने मोरोक्कोला १४ विरुद्ध १० मतांनी मागे टाकले आणि २०१० चा विश्वचषक प्रथमच आफ्रिका खंडात जाणार हे निश्चित झाले. वर्णद्वेषी राजवट जाऊन जेमतेम दहा वर्षे लोटली होती. त्या देशाला झालेला आनंद आपण समजू शकतो. आता प्रश्न होता तो सामने कोठे खेळवायचे याचा.

केप टाऊनमध्ये तीन पर्याय होते. पहिला न्यूलँड्सचा. हे रग्बीचे जुने, नामांकित मैदान. सुमारे पन्नास हजार प्रेक्षक बसतील एवढे मोठे आणि सुखवस्तू वस्तीतले. यजमानपदासाठी केलेल्या मूळ अर्जात याच मैदानाचे नाव होते. दुसरा पर्याय अ‍ॅथलोनचा. हे १९७२ मध्ये सुरू झालेले फुटबॉलचे मैदान. ते आहे शहराबाहेरच्या सपाट, वालुकामय प्रदेशात, म्हणजे 'केप फ्लॅट्स'वर. तिसरा पर्याय ग्रीन पॉइंटचा. एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला टेबल माउंटन आणि मध्ये गोल्फचे मैदान व जुने छोटे क्रीडांगण असलेली मोक्याची सार्वजनिक जागा.

येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. केप फ्लॅट्सवर लोक हौसेने राहायला गेले नव्हते. १९५० च्या 'ग्रुप एरियाज' कायद्याने कोणत्या वर्णाच्या माणसाने कोठे राहावे हे सरकारने ठरवून दिले. केप टाऊनच्या ऐन मध्यावरचा 'डिस्ट्रिक्ट सिक्स' हा गजबजलेला भाग १९६६ मध्ये केवळ गोऱ्यांसाठी म्हणून घोषित झाला, आणि पुढील काळात साठ हजारांहून अधिक माणसांना तेथून उठवून फ्लॅट्सवर नेऊन टाकण्यात आले. घरे बुलडोझरखाली गेली. शेजार तुटला, प्रार्थनास्थळे आणि शाळा मागे राहिल्या. दक्षिण आफ्रिकेत सर्वसाधारणपणे रग्बी हा गोऱ्यांचा प्रतिष्ठित खेळ, तर फुटबॉल हा काळ्या आणि मिश्रवंशीय जनतेचा जिवाभावाचा खेळ. केप टाऊनच्या समुद्रात रॉबेन बेट आहे. तेथील राजकीय कैद्यांनी तुरुंगात असतानादेखील 'मकाना फुटबॉल असोसिएशन' नावाची संघटना चालवली आणि नियमांचे पुस्तक काटेकोरपणे पाळून सामने खेळले. पुढे २००७ मध्ये 'फिफा'ने या संघटनेला मानद सदस्यत्वही दिले.

अशा पार्श्वभूमीवर शहरातील आणि प्रांतातील काही पुढाऱ्यांनी अ‍ॅथलोनचा आग्रह धरला. त्यांचा मुद्दा सरळ होता. जेथे फुटबॉल खेळणारी माणसे राहतात तेथे मैदान वाढवा. त्या निमित्ताने तेथे रस्ते होतील, दिवे येतील, दुकाने उघडतील, चार पोरांना कामे मिळतील. पूर्वी शहराने ज्यांना बाहेर हाकलले, त्यांच्या दारी आता शहर जाईल. यापेक्षा उचित न्याय कोणता?

परंतु तसे घडले नाही. 'फिफा'ला केप टाऊनमध्ये उपांत्य सामना ठेवायचा असेल तर साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांचे स्टेडियम हवे होते. ही अट एक वेळ समजू शकते. त्याबरोबरच जगभर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर काय दिसेल याचाही विचार झाला, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. पडद्यावर निळा समुद्र आणि डोंगर दिसणे चांगले, पत्र्याच्या झोपड्या दिसणे बरे नव्हे! शेवटी ग्रीन पॉइंट ठरले. २००७ मध्ये काम सुरू झाले आणि पावणेतीन वर्षांत ते पूर्णही झाले. खर्च आला सुमारे साडेचार अब्ज रँड. अ‍ॅथलोनच्या वाट्याला आले ते सरावाचे मैदान म्हणून थोडी डागडुजी होणे. मांडव राजवाड्यात पडला आणि खरकटी भांडी घासायला मात्र वाडीतले लोक, असाच हा प्रकार नव्हे काय?

स्टेडियम सुंदर झाले यात शंका नाही. संध्याकाळच्या उन्हात त्याचे पांढरे कवच गुलाबी दिसते. जून-जुलै २०१० मध्ये तेथे आठ सामने झाले. नेदरलँड्सने उरुग्वेला ३-२ असे हरवले तो उपांत्य सामना त्यांतलाच. आठ सामने संपले आणि पाहुणे परतले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१० मध्ये, जो खासगी कंपन्यांचा समूह तीस वर्षांच्या कराराने हे स्टेडियम चालवणार होता, त्याने हिशेब मांडून पाहिला आणि अंग काढून घेतले. देखभालीचा भार आला महानगरपालिकेवर, म्हणजे पर्यायाने करदात्यांवर. स्थानिक फुटबॉल संघांच्या सामन्यांना एवढे मोठे स्टेडियम भरेल इतके प्रेक्षक येत नव्हते. रग्बीवाले आपले न्यूलँड्स सोडायला तयार नव्हते. ते २०२१ मध्ये, म्हणजे तब्बल दहा-अकरा वर्षांनी, ग्रीन पॉइंटला राहायला आले. आज तेथे रग्बीचे सामने होतात, गाण्याचे मोठे जलसे होतात. तेव्हा हा निव्वळ पांढरा हत्ती आहे असे आज म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु फुटबॉलच्या नावाने बांधलेल्या वास्तूला अखेर रग्बीने तारले आणि केप फ्लॅट्सवरचा फुटबॉल जेथे होता तेथेच राहिला, एवढे मात्र म्हणावेच लागते.

त्याच देशात, त्याच स्पर्धेत, याच्या उलट उदाहरणही सापडते. जोहान्सबर्गजवळ सोवेटोच्या वेशीवर 'सॉकर सिटी' हे स्टेडियम १९८९ पासून उभे होते. तुरुंगातून सुटल्यावर फेब्रुवारी १९९० मध्ये नेल्सन मंडेला यांची जोहान्सबर्गमधील पहिली प्रचंड सभा येथेच भरली. १९९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने आफ्रिकी राष्ट्रांचा चषक येथेच जिंकला. विश्वचषकासाठी या जुन्या स्टेडियमचाच कायापालट करण्यात आला. आफ्रिकी घरांत असणाऱ्या भोपळ्याच्या भांड्याचा आकार त्याला देण्यात आला आणि ११ जुलै २०१० चा अंतिम सामना तेथे झाला. स्पर्धेनंतर ते सुने पडले नाही. कारण 'कायझर चीफ्स' आणि 'ऑर्लँडो पायरेट्स' हे सोवेटोशी नाते सांगणारे दोन लोकप्रिय संघ तेथे समोरासमोर आले की सारे शहर लोटते. दोन्ही वास्तूंच्या सौंदर्यात फार अंतर नाही. अंतर आहे ते जागेच्या निवडीत. एक मैदान लोकांच्या सवयीच्या वाटेवर होते, दुसरे कॅमेऱ्याच्या वाटेवर.

छोट्या शहरांची कथा अधिक करुण आहे. एम्बोम्बेला येथे जिराफाच्या आकाराचे खांब आणि झेब्र्यासारखे पट्टे असणारी आसने यांनी सजलेले, चाळीस हजारांवर प्रेक्षकांचे स्टेडियम उभे राहिले. विश्वचषकाचे सामने तेथे झाले अवघे चार! या स्टेडियमच्या कामासाठी तेथील शाळकरी मुलांना आपल्या इमारती सोडून तात्पुरत्या वर्गांत बसावे लागले आणि त्यावरून आंदोलने झाली. स्टेडियमच्या कंत्राटातील गैरव्यवहाराविरुद्ध आवाज उठवणारे तेथील नगरपालिकेचे सभापती जिमी मोहलाला यांची जानेवारी २००९ मध्ये गोळ्या घालून हत्या झाली. जिराफांचे फोटो जगभर छापून आले. शाळेचे किती आले?

यावर प्रतिपक्ष काय म्हणेल याची मला कल्पना आहे. प्रत्येक गोष्ट पैशाच्या तराजूत तोलायची नसते. राष्ट्राचा स्वाभिमान म्हणून काही असतो. आफ्रिका खंडाला अशी स्पर्धा जमणारच नाही म्हणणाऱ्यांना २०१० ने खणखणीत उत्तर दिले. शिवाय विमानतळ, रेल्वे, बससेवा अशा कायमच्या सोयीही त्या निमित्ताने झाल्या. हे सारे खरे आहे. मी स्पर्धांच्या विरुद्ध नाही. घरात मंगलकार्य नकोच, असे म्हणणारा माणूस अरसिक होय. परंतु स्वाभिमानासाठी अ‍ॅथलोनऐवजी ग्रीन पॉइंटच कशाला हवे होते? रेल्वे आणि रस्ते तर अ‍ॅथलोनलाही नेता आले असते. किंबहुना तेथे त्यांची गरज अधिक होती. स्वाभिमान म्हणजे पाहुण्यापासून आपले दारिद्र्य लपवणे नव्हे. पाहुणा येणार म्हणून का होईना, ते थोडे कमी करणे हा खरा स्वाभिमान.

ब्राझीलने हा धडा घेतला नाही. २०१४ च्या विश्वचषकासाठी 'फिफा'ला आठ ते दहा शहरे पुरली असती. ब्राझीलने बारा निवडली. अ‍ॅमेझॉनच्या अरण्यातील मानाउस शहरात चाळीस हजारांवर प्रेक्षकांचे स्टेडियम बांधले गेले. तेथेही सामने चारच, आणि त्या शहराचा एकही संघ देशाच्या वरच्या श्रेणीत नव्हता. स्पर्धेच्या आदल्या वर्षी, जून २०१३ मध्ये, फुटबॉलवेड्या ब्राझीलमधले लाखो लोक रस्त्यावर उतरले. आंदोलनाची ठिणगी बसभाड्याच्या वाढीने पडली खरी, पण पुढे स्टेडियमला मिळतो तो दर्जा आमच्या दवाखान्यांना आणि शाळांनाही द्या, ही मागणी फलकाफलकांवर झळकली. ज्या देशात फुटबॉल हा धर्म मानला जातो, तेथे भक्तांनीच देवळाच्या खर्चाचा जाब विचारावा, ही घटना विचार करायला लावणारी आहे.

नव्या बांधकामाचे धोके सर्वांना दिसतात. जुन्या स्टेडियमच्या नूतनीकरणाचे धोके मात्र पटकन लक्षात येत नाहीत. रिओचे माराकाना पाहा. १९५० च्या विश्वचषकात उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरवले तो शेवटचा सामना येथे सुमारे दोन लाख लोकांनी पाहिला. या स्टेडियममध्ये मैदानालगत उभे राहून सामना पाहण्याची 'जेराल' नावाची अगदी स्वस्त जागा होती. हमाल, फेरीवाले, मोलकरणी, शाळा बुडवून आलेली पोरे, अशांची ती हक्काची जागा. नूतनीकरणाच्या ओघात २००५ मध्ये जेराल बंद झाली. विश्वचषकापूर्वी स्टेडियम आतून पुन्हा संपूर्ण बदलले. आता तेथे सुमारे ७८ हजार खुर्च्या आहेत. सुरक्षिततेसाठी प्रेक्षकसंख्या कमी करणे योग्यच आहे. १९८० मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर फुटबॉल सामन्यात झालेल्या चेंगराचेंगरीत सोळा प्रेक्षक मृत्युमुखी पडले, हे आपण विसरू नये. परंतु गर्दीला शिस्त लावणे वेगळे आणि गरिबाला बाहेर काढणे वेगळे. जर्मनीतील डॉर्टमुंडने या दोहोंचा मेळ घातला आहे. तेथील दक्षिणेकडच्या सज्जात सुमारे पंचवीस हजार लोक स्वस्त तिकिटावर उभे राहून सामना पाहतात. आंतरराष्ट्रीय सामना असला की नियमानुसार तेथे खुर्च्या बसवतात, आणि पाहुणे गेले की काढून टाकतात. मांडव घालण्याची हीच खरी रीत!

आता थोडे आपल्याकडे वळू. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्यासाठी कोलकाता, कोची, गुवाहाटी, दिल्ली, मडगाव आणि नवी मुंबई ही सहा केंद्रे निवडण्यात आली. सर्व ठिकाणी असलेलीच स्टेडियम दुरुस्त करून वापरली, ही गोष्ट निश्चितच अभिनंदनीय. कोलकात्याचे सॉल्ट लेक स्टेडियम पूर्वी लाखाच्या वर प्रेक्षक घेई. १९९७ मध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा उपांत्य सामना पाहायला तेथे एक लाख तीस हजारांहून अधिक लोक जमले होते. तेथे खुर्च्या बसल्या, खरे गवत आले, प्रेक्षकसंख्या घटली. पण मैदान आपल्या माणसांपासून तुटले नाही. इंग्लंड विरुद्ध ब्राझील हा उपांत्य सामना गुवाहाटीला व्हायचा होता. पावसाने मैदान खराब झाल्यामुळे तो अवघ्या दोन दिवस आधी कोलकात्याला हलवण्यात आला, आणि तरीही साठ हजारांहून अधिक प्रेक्षक हजर झाले! केंद्र कसे निवडावे याचे याहून चांगले उत्तर कोणत्याही समितीच्या अहवालात सापडणार नाही. जेथे दोन दिवसांत स्टेडियम भरते ते खरे केंद्र.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर नवी मुंबईचे स्टेडियम मूळचे क्रिकेटचे आणि एका खासगी संस्थेचे. तेथे २०१७ मध्ये एक उपांत्य सामना झाला. पुढे २०२२ मध्ये आशियाई महिला चषकाचा आणि सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा असे दोन अंतिम सामने झाले. व्यवस्था उत्तम होती, याबद्दल वाद नाही. परंतु ज्या गावात फुटबॉल मराठीत श्वास घेतो ते गाव म्हणजे कोल्हापूर. तेथे पेठापेठांच्या तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे लहान मुलांच्याही तोंडी असतात. शाहू स्टेडियमवर अंतिम सामना असला की अर्धे गाव तिकडे धावते. २०१७ च्या भारतीय संघातून विश्वचषक खेळलेला अनिकेत जाधव हा याच कोल्हापूरचा. आता कोल्हापुरात विश्वचषकाचा सामना ठेवा असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. विमानतळ, हॉटेले, सरावाची मैदाने या अटी असतातच. पण मोठ्या स्पर्धेच्या निमित्ताने राज्यात जो पैसा आणि जी यंत्रणा हलते, तिचा एक पाट कोल्हापूरकडे वळवता येणार नाही काय? चांगले गवत, पाण्याचा निचरा, दिव्यांची सोय, मुलींना कपडे बदलण्याची खोली, एवढ्या गोष्टींना अब्जावधी लागत नाहीत. ज्या विहिरीचे पाणी आपण पितो तिचा गाळही आपणच काढायचा असतो.

हा प्रश्न आता केवळ वाचण्यापुरता राहिलेला नाही. २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला होणार आहेत आणि २०३६ चे ऑलिंपिक भारतात आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०१० मध्ये दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी खर्च कसा फुगला आणि गैरव्यवहारांचे आरोप कसे झाले, हे आपल्या आधीच्या पिढीने पाहिले आहे. उद्या एखादे नवे स्टेडियम जाहीर होईल तेव्हा वर्तमानपत्रात त्याचे रंगीत चित्र छापून येईल. चित्रात झाडे हिरवीगार असतील आणि माणसे मुंगीएवढी. त्या वेळी आपण टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. स्पर्धा संपल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी येथे कोण खेळणार? त्याला आणि त्याच्या प्रेक्षकाला बसने किंवा लोकलने येथे पोहोचता येईल का, आणि तिकीट परवडेल का? आणि पाहुण्यांसाठी वाढवलेल्या खुर्च्या नंतर काढता येतील का?

या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर स्टेडियम खुशाल बांधा, आम्ही पहिल्या रांगेत येऊन बसू. उत्तरे मिळाली नाहीत तर मात्र समजावे की हे मैदान खेळासाठी नाही, कॅमेऱ्यासाठी आहे. कॅमेरा आठ सामन्यांनंतर निघून जातो. अ‍ॅथलोनच्या गल्लीतली आणि कोल्हापूरच्या पेठेतली पोरे दुसऱ्या दिवशीही संध्याकाळी पाच वाजता चेंडू घेऊन बाहेर पडतात. त्यांना उभे राहायला जागा कोठे आहे, हे पाहणे हेच कोणत्याही क्रीडाधोरणाचे पहिले काम होय.